वेस्टर्न ब्लॉटमधील बॅकग्राउंड कमी करण्यासाठी: मेम्ब्रेन ब्लॉकिंगचे टप्पे, त्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

वेस्टर्न ब्लॉटमध्ये नमुन्यातली प्रथिने जेलवर वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवतात, हव्या त्या प्रथिनाला प्रायमरी अँटिबॉडी बांधतात आणि तिला बांधणाऱ्या सेकंडरी अँटिबॉडीमुळे ते प्रथिन चित्रात काळ्या बँडसारखे दिसते. मेम्ब्रेनवरच्या मोकळ्या जागेला अँटिबॉडी चिकटू नये म्हणून ती जागा आधी दुधासारख्या प्रथिनाने झाकणे म्हणजे ब्लॉकिंग, आणि बँडखेरीज येणारा नकोसा काळेपणा म्हणजे बॅकग्राउंड. वेस्टर्न ब्लॉटचे चित्र काळवंडून आले की बहुतेक प्रयोगशाळांत पहिला उपाय ठरलेला असतो: दूध पाच टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर न्यायचे आणि ब्लॉकिंग एका तासाऐवजी रात्रभर चालू ठेवायचे. एवढे करूनही बॅकग्राउंड पुष्कळदा तसेच राहते, आणि काही वेळा तर हवा असलेला बँडच फिका पडतो. याचे कारण असे की मेम्ब्रेनवर दिसणारा प्रत्येक नकोसा सिग्नल ब्लॉकिंग कमी पडल्यामुळे आलेला नसतो. सेकंडरी अँटिबॉडी गरजेपेक्षा जास्त वापरली, धुणे घाईने उरकले, मेम्ब्रेन मध्येच सुकले किंवा ब्लॉकिंगसाठी निवडलेला पदार्थच त्या अँटिबॉडीला मानवणारा नसला, तरी चित्र असेच बिघडते. म्हणून आधी दोषाचा प्रकार ओळखावा, मग तो कोणत्या पायरीवर निर्माण होतो हे छोट्या पट्ट्यांवर तपासावे आणि त्यानंतरच ब्लॉकिंगमध्ये बदल करावा.

येथे मिनी जेल, एचआरपी हे एन्झाइम जोडलेली सेकंडरी अँटिबॉडी आणि केमिल्युमिनेसन्सचे म्हणजे ईसीएल सबस्ट्रेट (एचआरपीच्या क्रियेने प्रकाश देणारे द्रावण) अशी मांडणी गृहीत धरली आहे. उदाहरण म्हणून पेशींच्या लायसेटमधील (पेशी फोडून मिळालेल्या द्रावणातील) फॉस्फो-ईआरके, म्हणजे फॉस्फेट जोडलेले ईआरके प्रथिन, घेतले आहे. त्याचे दोन बँड ४४ आणि ४२ किलोडाल्टनजवळ दिसतात आणि सशात तयार केलेली प्रायमरी अँटिबॉडी त्यासाठी सर्रास वापरली जाते. ब्लॉकिंगचा पदार्थ विचार न करता निवडला तर काय होते, हे अशा फॉस्फो-विशिष्ट अँटिबॉडीवर लगेच कळते.

टप्पा १: बॅकग्राउंडचा प्रकार ओळखा

खराब आलेले चित्र टाकून देण्यापूर्वी ते नीट पाहावे, कारण डाग कुठे आणि कसा आहे यावरून दोषाचा बराच अंदाज येतो.

मेम्ब्रेनवर सगळीकडे सारखी काळसर छटा असेल आणि लेन (जेलवरचा एकेका नमुन्याचा उभा पट्टा) व मोकळी जागा यांत फारसा फरक दिसत नसेल, तर सेकंडरी अँटिबॉडीचे प्रमाण, अपुरे धुणे, अपुरे ब्लॉकिंग आणि गरजेपेक्षा लांबलेले एक्स्पोजर हे चार संशयित असतात. माझ्या मते त्यांची तपासणी याच क्रमाने करावी.

बारीक काळे ठिपके विखुरलेले असतील, तर दुधातले न विरघळलेले कण, सेकंडरी अँटिबॉडीच्या गुठळ्या किंवा गाळून न घेतलेला बफर हे कारण असते. येथे ब्लॉकिंगचा वेळ वाढवून काहीही साधत नाही.

मोठे अनियमित चट्टे असतील, तर मेम्ब्रेनचा तो भाग सुकला होता, हाताळताना त्याला बोट लागले होते, किंवा ट्रेमध्ये द्रावण कमी असल्यामुळे तो भाग उघडा पडला होता, असे समजावे.

मोकळी जागा स्वच्छ आहे, पण लेनमध्ये अनपेक्षित बँड दिसतात, ही स्थिती पूर्णपणे वेगळी आहे. प्रायमरी अँटिबॉडी दुसऱ्या प्रथिनाला बांधली जाणे, नमुन्यातल्या प्रथिनाचे तुकडे होणे किंवा लेनमध्ये प्रमाणाबाहेर लायसेट भरणे अशी तिची कारणे असतात. उंदराच्या ऊतींवर उंदराचीच प्रायमरी अँटिबॉडी वापरली, तर सेकंडरी अँटिबॉडी ऊतींमधल्या मूळ आयजीजीलाही (उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडीलाही) धरते आणि ५० व २५ किलोडाल्टनजवळ ठसठशीत बँड उमटतात. ब्लॉकिंग कितीही बदलले तरी ते जात नाहीत.

तपासा: एक्स्पोजर कमी करून पाहावे. दहा सेकंदांत काळे दिसणारे मेम्ब्रेन एका सेकंदात स्वच्छ दिसत असेल आणि बँड टिकत असेल, तर मूळ प्रयोगात फारसा दोष नाही.

टप्पा २: पट्ट्या कापून दोषाची पायरी शोधा

ही चाचणी टाळली जाते, आणि पुढचे कित्येक आठवडे अंदाजावर जातात. एकाच नमुन्याच्या आठ-दहा सारख्या लेन चालवाव्यात, प्रत्येक लेनमध्ये २० मायक्रोग्रॅम लायसेट भरावे, ट्रान्सफर करावा (प्रथिने जेलमधून मेम्ब्रेनवर उतरवावीत) आणि पाँसो-एस या प्रथिनांना लाल दाखवणाऱ्या, धुऊन जाणाऱ्या रंगात लेन दिसत असतानाच मेम्ब्रेनच्या उभ्या पट्ट्या कापाव्यात. प्रत्येक पट्टीच्या वरच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घालावा. साधे पेन वापरू नये, कारण त्याची शाई पसरते.

यांपैकी तीन पट्ट्या निदानासाठी वापराव्यात आणि तिन्ही एकाच पद्धतीने ब्लॉक कराव्यात. पहिलीला प्रायमरी आणि सेकंडरी अशा दोन्ही अँटिबॉडी द्याव्यात. दुसरीला प्रायमरीच्या जागी फक्त तेच विरलन द्रावण द्यावे आणि सेकंडरी नेहमीप्रमाणे द्यावी. तिसरीला एकही अँटिबॉडी देऊ नये, फक्त सबस्ट्रेट द्यावे. धुणे आणि वेळ तिन्ही पट्ट्यांसाठी सारखेच असावे, मात्र प्रत्येक पट्टीचा ट्रे वेगळा असावा.

तिसरी पट्टीही काळी आली, तर दोष नमुन्यातल्या पेरॉक्सिडेझसारख्या क्रियेत, मेम्ब्रेनमध्ये, सबस्ट्रेटमध्ये किंवा कॅमेऱ्यात आहे. रक्ताने भरलेल्या ऊतींत, विशेषतः यकृत आणि प्लीहा यांत, हिमोग्लोबिनमुळे असे घडू शकते. तिसरी स्वच्छ असून दुसरी काळी झाली, तर दोष सेकंडरी अँटिबॉडीचा किंवा तिला अडवू न शकणाऱ्या ब्लॉकिंगचा आहे. दुसरीही स्वच्छ असून केवळ पहिली काळी झाली, तर प्रायमरीचे प्रमाण, तिचे विरलन द्रावण आणि तिच्यानंतरचे धुणे यांकडे वळावे.

इशारा: या तिन्ही पट्ट्यांचे चित्र एकत्र, एकाच एक्स्पोजरमध्ये घ्यावे. प्रत्येकीसाठी कॅमेऱ्याचे स्वयंचलित एक्स्पोजर वापरल्यास स्वच्छ पट्टीही काळी दिसू लागते आणि सगळी चाचणी व्यर्थ जाते.

टप्पा ३: मेम्ब्रेन निवडा, आणि सुकू देऊ नका

मेम्ब्रेन मुख्यतः दोन प्रकारची वापरतात: पीव्हीडीएफ आणि नायट्रोसेल्युलोज. पीव्हीडीएफ मेम्ब्रेन नायट्रोसेल्युलोजपेक्षा जास्त प्रथिन धरते आणि मजबूतही असते, म्हणून पुन्हा प्रोब करायचे (त्याच मेम्ब्रेनवर दुसरी अँटिबॉडी लावायची) असेल तर ते सोयीचे पडते. मात्र प्रथिन धरण्याची हीच ताकद अँटिबॉडीलाही लागू होते आणि त्यावर बॅकग्राउंड येण्याची शक्यता अधिक असते. प्रथिन नमुन्यात भरपूर असेल आणि मेम्ब्रेन एकदाच वापरायचे असेल, तर ०.४५ मायक्रॉनचे नायट्रोसेल्युलोज घ्यावे. २० किलोडाल्टनपेक्षा लहान प्रथिनांसाठी ०.२ मायक्रॉनचे घ्यावे.

पीव्हीडीएफ आधी शुद्ध मिथेनॉलमध्ये १५ ते ३० सेकंद भिजवावे, मग एक-दोन मिनिटे पाण्यात आणि नंतर किमान पाच मिनिटे ट्रान्सफर बफरमध्ये ठेवावे. नायट्रोसेल्युलोज मात्र शुद्ध मिथेनॉलमध्ये कधीही बुडवू नये, ते खराब होते. ते थेट ट्रान्सफर बफरच्या पृष्ठभागावर एका कडेने हळूहळू सोडावे, म्हणजे खालून ओलावा चढत जातो आणि आत हवा अडकत नाही.

मेम्ब्रेन फक्त चपट्या टोकाच्या चिमट्याने आणि तेही कडेला धरावे. हातमोजे पावडरविरहित असावेत. जेलच्या तुकड्यांना किंवा दुधाच्या भांड्याला लागलेले हातमोजे मेम्ब्रेन उचलण्यापूर्वी बदलावेत.

तपासा: ओले पीव्हीडीएफ काहीसे पारभासक आणि करडे दिसते, तर सुकलेला भाग अपारदर्शक पांढरा होतो. ब्लॉकिंगपूर्वी असा पांढरा ठिपका दिसल्यास मेम्ब्रेन पुन्हा मिथेनॉलमधून काढावे, पाण्याने धुवावे आणि टीबीएसमध्ये (ट्रिस आणि मीठ असलेल्या बफरमध्ये, कृती टप्पा ४ मध्ये) ठेवावे. अँटिबॉडी दिल्यानंतर मेम्ब्रेन सुकले, तर हा उपाय चालत नाही, कारण अँटिबॉडी तेथे घट्ट चिकटलेली असते.

ट्रान्सफर झाल्यावर ०.१ टक्का पाँसो-एसमध्ये दोन ते पाच मिनिटे ठेवून लेन सारख्या उतरल्या आहेत का ते पाहावे, छायाचित्र घ्यावे आणि मग पाण्याने व टीबीएसटीने (ट्वीन-२० हे डिटर्जंट घातलेल्या टीबीएसने) रंग पूर्ण जाईपर्यंत धुवावे. लालसर छटा उरलेली असताना ब्लॉकिंग सुरू करू नये. फ्लोरोसंट सेकंडरी वापरणाऱ्यांनी तर हे विशेष सांभाळावे.

टप्पा ४: बफर एकदाच, पण काळजीपूर्वक तयार करा

दहापट संहत टीबीएससाठी २४.२ ग्रॅम ट्रिस बेस आणि ८० ग्रॅम सोडियम क्लोराइड सुमारे ८०० मिली शुद्ध पाण्यात विरघळवावे, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ७.६ करावा आणि एकूण आकारमान एक लिटर करावे. त्यातले १०० मिली घेऊन ९०० मिली पाणी आणि १ मिली ट्वीन-२० मिसळले, की ०.१ टक्का ट्वीन असलेला टीबीएसटी तयार होतो. त्यात ट्रिस २० मिलिमोलर आणि मीठ सुमारे १३७ मिलिमोलर असते.

ट्रिसचा पीएच तापमानानुसार बदलतो, थंडीत तो वाढतो. त्यामुळे फ्रिजमधून काढलेल्या बाटलीत पीएच मोजून आम्ल वाढवू नये. द्रावण २५ अंश सेल्सिअसला आल्यावरच मोजावे.

ट्वीन-२० मधासारखे घट्ट असते, म्हणून १ मिली टिपने पटकन ओढल्यास निम्मेच येते आणि उरलेले टिपच्या भिंतीला चिकटून राहते. टिपचे टोक कापून हळू ओढावे, सोडतानाही हळू सोडावे आणि तीच टिप बफरमध्ये दोन-तीन वेळा भरून रिकामी करावी. त्याहून बरे म्हणजे १० टक्क्यांचे द्रावण आधी करून ठेवावे आणि त्यातले १० मिली एका लिटरसाठी मोजावे. एका बॅचमध्ये ट्वीन ०.०४ टक्के आणि दुसऱ्या बॅचमध्ये ०.१ टक्का असल्यावर दोन ब्लॉटच्या बॅकग्राउंडची तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

इशारा: एचआरपी वापरताना ब्लॉकिंगच्या, धुण्याच्या किंवा सेकंडरीच्या द्रावणात सोडियम अझाइड घालू नये, ते एचआरपीला निष्क्रिय करते. अल्कलाइन फॉस्फेटेज जोडलेली सेकंडरी असेल, तर फॉस्फेट असलेला पीबीएस टाळून टीबीएसच वापरावा.

टप्पा ५: ब्लॉकिंगचा पदार्थ अँटिबॉडी पाहून निवडा

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे. सर्व अँटिबॉडींना चालेल असा एकच पदार्थ नाही, आणि प्रयोगशाळेत पूर्वीपासून दूधच वापरतात हे निवडीचे कारण होऊ शकत नाही.

स्किम्ड मिल्क पावडर स्वस्त आहे आणि तिच्यातल्या केसीन व इतर प्रथिनांमुळे मेम्ब्रेनवरची मोकळी जागा चांगली झाकली जाते. बीटा-ॲक्टिन किंवा ट्युब्युलिनसारख्या भरपूर असलेल्या प्रथिनांसाठी टीबीएसटीमधले पाच टक्के दूध बहुधा पुरेसे होते. पण त्याच्या तीन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. केसीन स्वतः फॉस्फोरिलेटेड प्रथिन आहे, त्यामुळे फॉस्फो-विशिष्ट अँटिबॉडी त्याला बांधली जाऊन बॅकग्राउंड वाढण्याचा धोका असतो. दुधात बायोटिन असते, त्यामुळे बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिनवर आधारलेल्या पद्धतीत दूध वापरूच नये. तिसरी मर्यादा अशी की दूध काही कमकुवत अँटिबॉडींचा खरा सिग्नलही दाबते, आणि तेव्हा स्वच्छ दिसणारे मेम्ब्रेन आपल्याला फसवते.

बीएसए (बोवाइन सीरम अल्ब्युमिन, गाईच्या रक्तातले प्रथिन) ३ ते ५ टक्के घेतल्यास फॉस्फो-विशिष्ट अँटिबॉडींसाठी तो सहसा योग्य ठरतो. मात्र तो महाग आहे, आणि काही अँटिबॉडींच्या बाबतीत दुधाइतके स्वच्छ मेम्ब्रेन त्याच्याने मिळत नाही. फॉस्फो-ईआरकेच्या उदाहरणात दोन मार्ग प्रचलित आहेत: ब्लॉकिंग आणि प्रायमरीचे विरलन दोन्ही पाच टक्के बीएसएमध्ये करणे, किंवा ब्लॉकिंग दुधात करून, मेम्ब्रेन नीट धुऊन प्रायमरीचे विरलन बीएसएमध्ये करणे. अँटिबॉडीच्या माहितीपत्रकात जो मार्ग दिला असेल तोच आधी करावा. फॉस्फो-अँटिबॉडी दुधात कधीच चालत नाही असा नियम नाही. ज्यांच्या माहितीपत्रकात दूध सांगितले आहे, तेथे दूधच वापरावे.

बकरीत तयार केलेली प्रायमरी अँटिबॉडी असेल, तर अधिक सावध राहावे लागते. बकरीच्या आयजीजीला ओळखणारी सेकंडरी गाय आणि मेंढी यांच्या आयजीजीलाही ओळखू शकते. दुधात गाईचे आयजीजी असते, आणि साध्या प्रतीच्या बीएसएमध्येही ते थोडेफार असते. परिणामी आपण ब्लॉकिंग म्हणून जे मेम्ब्रेनभर पसरवतो, त्यालाच सेकंडरी चिकटते आणि सगळे मेम्ब्रेन काळे होते. अशा वेळी दूध वाढवले की बॅकग्राउंड आणखी वाढते, आणि करणाऱ्याला त्याचा उलगडा होत नाही. येथे माशांचे जिलेटिन, प्रथिनविरहित तयार ब्लॉकर किंवा सेकंडरी गाढवात तयार केलेली असल्यास गाढवाचे सामान्य सीरम वापरावे.

सीरमचा नियम सोपा आहे. सेकंडरी ज्या प्राण्यात तयार केली आहे, त्याच प्राण्याचे सीरम ५ टक्के घ्यावे. प्रायमरीच्या प्राण्याचे सीरम घेऊ नये.

तपासा: निवडीबाबत शंका असल्यास टप्पा २ मधल्या उरलेल्या पट्ट्या घ्याव्यात. एक दुधात, एक बीएसएमध्ये आणि एक तयार ब्लॉकरमध्ये ठेवून पुढची सर्व पावले अगदी सारखी करावीत. बँड आणि मोकळी जागा यांतला फरक जिथे सर्वाधिक असेल, तो पदार्थ निवडावा. सर्वांत पांढरी पट्टी निवडायची नाही, कारण तिच्यावर बँडही फिका असू शकतो.

टप्पा ६: ब्लॉकिंगचे द्रावण ताजे आणि कणविरहित ठेवा

दुकानातून पावडर आणताना डब्यावरचे घटक वाचावेत. चहासाठी मिळणारे डेअरी व्हाइटनर हे स्किम्ड मिल्क पावडर नव्हे. त्यात साखर घातलेली असते आणि स्निग्धांशही बराच असतो, त्यामुळे पाच ग्रॅम मोजले तरी प्रथिन कमी पडते आणि मेम्ब्रेनवर तेलकट थर बसतो. स्किम्ड मिल्क पावडरमध्ये स्निग्धांश दीड टक्क्यापेक्षा जास्त नसतो.

५० मिली टीबीएसटीमध्ये २.५ ग्रॅम पावडर थोडी थोडी टाकत चुंबकीय ढवळणीवर २० ते ३० मिनिटे ढवळावी. नंतर द्रावण सेंट्रिफ्यूजच्या नळीत घेऊन ३००० जी वेगावर दहा मिनिटे फिरवावे आणि वरचा भाग अलगद काढून घ्यावा. नळीच्या तळाशी बसलेला पांढरा साका पाहिला, की मेम्ब्रेनवरचे ठिपके कुठून येतात हे वेगळे सांगावे लागत नाही. बीएसए मात्र ढवळू नये. पावडर बफरच्या पृष्ठभागावर भुरभुरावी, आपोआप भिजून खाली बसू द्यावी आणि मग ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावी. जोरात हलवल्यास फेस होतो आणि प्रथिन फेसात अडकून राहते.

दुधाचे द्रावण त्याच दिवशी वापरावे. फ्रिजमध्ये ४ अंशांवर ते फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावे. वास आलेले, दाट झालेले किंवा तळाशी तंतू दिसणारे द्रावण टाकून द्यावे.

टप्पा ७: प्रत्यक्ष ब्लॉकिंग

मेम्ब्रेनपेक्षा किंचित मोठा, सपाट तळाचा ट्रे घ्यावा. मिनी जेलच्या मेम्ब्रेनसाठी २० ते २५ मिली द्रावण असावे. प्रथिनाची बाजू वर ठेवावी, आणि ती ओळखता यावी म्हणून ट्रान्सफरपूर्वीच एक कोपरा कापलेला असावा. एका ट्रेमध्ये एकच मेम्ब्रेन ठेवावे, कारण दोन मेम्ब्रेन एकमेकांवर सरकली की झाकलेला भाग ब्लॉक होत नाही. ५० मिलीच्या नळीत गुंडाळून रोलरवर ठेवणाऱ्यांनी कडा एकमेकींवर येत नाहीत हे पाहावे.

२० ते २५ अंश सेल्सिअसला, संथ हालचालीवर एक तास पुरतो. रात्रभर ठेवणे भागच असेल, तर ४ अंशांवर ठेवावे. पद्धतीत लिहिलेले 'रूम टेंपरेचर' म्हणजे आपल्या खोलीचे त्या दिवशीचे तापमान नव्हे. मे महिन्यात नागपूर किंवा जळगावच्या प्रयोगशाळेत वातानुकूलन बंद असेल, तर ट्रेमधले दूध काही तासांत नासू लागते, आणि त्यात वाढलेले जिवाणू मेम्ब्रेनवर ठिपके सोडतात. अशा दिवसांत एक तास मोजून घ्यावा आणि पुढचे सर्व इन्क्युबेशन (अँटिबॉडीच्या द्रावणात ठेवणे) ४ अंशांवर करावे.

इशारा: ब्लॉकिंगचा काळ वाढवणे नेहमीच सुरक्षित नसते. दीर्घकाळ दुधात ठेवल्याने अँटिबॉडीला हवी असलेली जागा झाकली जाऊ शकते, आणि नायट्रोसेल्युलोजवरचे प्रथिनही थोडेफार सुटू शकते.

ब्लॉकिंगनंतर अँटिबॉडीचे द्रावण वेगळ्या पदार्थात असेल, तर टीबीएसटीने पाच-पाच मिनिटांची तीन धुणी करावीत. तोच पदार्थ असेल, तर एकदा विसळणे पुरेसे होते.

टप्पा ८: अँटिबॉडीचे प्रमाण ठरवा

माहितीपत्रकातले विरलन हा प्रारंभबिंदू असतो. १:१००० लिहिले असल्यास १:५००, १:१०००, १:२००० आणि १:४००० अशा चार पट्ट्या एकाच वेळी कराव्यात. माहितीपत्रकात वेगळे सांगितले नसेल, तर विरलन ब्लॉकिंगच्याच पदार्थात आणि ट्वीनसह करावे. प्रायमरी ४ अंशांवर रात्रभर ठेवल्यास कमी प्रमाणातही चांगला सिग्नल मिळतो.

सेकंडरीबाबत मात्र हात आखडताच ठेवावा. संपूर्ण मेम्ब्रेन काळे होण्याचे सर्वाधिक आढळणारे कारण सेकंडरीचे जादा प्रमाण हेच आहे, आणि ते दूध वाढवून झाकण्याचा प्रयत्न केला जातो. साध्या ईसीएलसाठी १:५००० ते १:२०००० दरम्यान सुरुवात करावी. अतिसंवेदनशील सबस्ट्रेट वापरताना १:५०००० किंवा त्याहूनही पातळ करावे लागते. सबस्ट्रेट बदलले आणि सेकंडरीचे प्रमाण जुनेच ठेवले, तर बॅकग्राउंड येणारच.

येथे मोजमापाची अडचण होते. दहा मिलीमध्ये १:२०००० करायचे तर ०.५ मायक्रोलिटर घ्यावे लागते, आणि एवढे आकारमान नेहमीच्या पिपेटने विश्वासार्हपणे मोजता येत नाही. म्हणून आधी २ मायक्रोलिटर सेकंडरी १८ मायक्रोलिटर टीबीएसटीमध्ये मिसळून दहापट पातळ करावी, आणि त्यातले ५ मायक्रोलिटर दहा मिलीमध्ये घालावे. जुन्या बाटलीतली अँटिबॉडी वापरण्यापूर्वी ती १०००० जी वेगावर पाच मिनिटे फिरवावी आणि फक्त वरचा भाग घ्यावा. ठिपक्यांची तक्रार पुष्कळदा एवढ्यानेच संपते.

सेकंडरी एक तासापेक्षा जास्त ठेवू नये. अँटिबॉडी थेट मेम्ब्रेनवर ओतू नये. आधी द्रावणात मिसळून मग ट्रेच्या कडेने सोडावी, नाहीतर ओतलेल्या जागी गडद डाग उमटतो.

टप्पा ९: धुणे घड्याळ लावून करा

अँटिबॉडीचे द्रावण काढल्यावर लगेच २० मिली टीबीएसटीने दोनदा भरभर विसळावे, म्हणजे ट्रेमध्ये उरलेली अँटिबॉडी बाहेर जाते. त्यानंतर ३० मिली टीबीएसटीमध्ये दहा-दहा मिनिटांची तीन धुणी करावीत. सेकंडरीनंतर ट्रे बदलावा आणि पाच-पाच मिनिटांची आणखी दोन धुणी घ्यावीत. मेम्ब्रेन तळाला चिकटून राहता कामा नये, ते द्रावणात सुटे तरंगले पाहिजे.

अर्धा तास एकाच बफरमध्ये ठेवण्यापेक्षा दहा मिनिटांनी तीनदा बफर बदलणे कितीतरी प्रभावी असते. सुटून आलेली अँटिबॉडी त्याच द्रावणात राहिली, तर ठरावीक पातळीनंतर आणखी सुटत नाही.

बॅकग्राउंड तरीही राहिल्यास ट्वीन ०.२ टक्क्यांपर्यंत वाढवून पाहावे, पण त्यापुढे जाऊ नये. जास्त ट्वीनमुळे कमकुवत बांधलेली प्रायमरीही निघून जाते.

टप्पा १०: सबस्ट्रेट आणि चित्र

धुतलेले मेम्ब्रेन चिमट्याने उभे धरून त्याची खालची कडा टिश्यू पेपरला टेकवावी आणि बफर निथळू द्यावा, पण मेम्ब्रेन कोरडे करू नये. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.१ मिली सबस्ट्रेट सर्वत्र सारखे पसरवावे, एक मिनिट थांबावे, जादा सबस्ट्रेट निथळावे आणि पारदर्शक कागदात बुडबुडे न ठेवता झाकावे. एक, पाच, पंधरा आणि साठ सेकंदांची चित्रे क्रमाने घ्यावीत.

तपासा: बँडच्या मध्यभागी पांढरी पोकळी दिसली किंवा मेम्ब्रेनवर नुसत्या डोळ्यांना पिवळसर-तपकिरी बँड दिसले, तर एचआरपी फार जास्त झाले आहे आणि तेथले सबस्ट्रेट संपून गेले आहे. याचा उपाय सेकंडरी पातळ करणे हा आहे. एक्स्पोजर वाढवल्याने फक्त बॅकग्राउंड वर येते.

टप्पा ११: बिघडलेल्या ब्लॉटचे काय करावे

नमुना दुर्मीळ असेल, तर मेम्ब्रेन फेकू नये. सबस्ट्रेट टीबीएसटीने धुऊन काढावे, मग टीबीएसटीची दहा-दहा मिनिटांची चार धुणी करावीत आणि ताजे सबस्ट्रेट घालून पुन्हा चित्र घ्यावे. दोष फक्त अपुऱ्या धुण्याचा असेल, तर येथेच फरक दिसतो. फरक पडला नाही, तर मेम्ब्रेन स्ट्रिप करावे (चिकटलेल्या अँटिबॉडी काढून टाकाव्यात), पुन्हा एक तास ब्लॉक करावे आणि प्रायमरीनंतर सेकंडरी निम्म्या किंवा पाव प्रमाणात देऊन पाहावी. स्ट्रिप करताना मेम्ब्रेनवरचे काही प्रथिनही जाते, आणि नायट्रोसेल्युलोजवर हे नुकसान जास्त होते. म्हणून स्ट्रिप केलेल्या मेम्ब्रेनवर 'बँड नाही' असा निष्कर्ष काढू नये.

फॉस्फो-ईआरकेच्या बाबतीत उरलेला बँड खरा आहे की अविशिष्ट, हे ब्लॉकिंग बदलून ठरत नाही. त्यासाठी पुढच्या जेलवर तीन लेन जादा चालवाव्यात: सीरमविना उपाशी ठेवलेल्या पेशींची, वाढघटक देऊन उत्तेजित केलेल्या पेशींची आणि लॅम्डा फॉस्फेटेज या फॉस्फेट काढून टाकणाऱ्या एन्झाइमची प्रक्रिया केलेल्या उत्तेजित लायसेटची. ४४ व ४२ किलोडाल्टनचे बँड दुसरीत वाढले आणि तिसरीत गेले, तर ते खरे समजावेत. तिन्ही लेनमध्ये सारखाच टिकून राहणारा बँड अविशिष्ट समजावा, आणि त्यासाठी अँटिबॉडीच बदलावी.

प्रत्येक ब्लॉटसोबत ब्लॉकरचे नाव व टक्केवारी, दुधाच्या डब्याचा बॅच क्रमांक, ट्वीनचे प्रमाण, दोन्ही अँटिबॉडींचे विरलन, धुण्याच्या वेळा आणि एक्स्पोजर वहीत लिहावे. एका वेळी यांपैकी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलून चित्र सुधारले, तर नेमके कशामुळे सुधारले हे ठरवण्यासाठी ते दोन्ही प्रयोग वेगवेगळे करावेच लागतात.